पोळ्याच्या दिवशी आलेली वॅगन

आधीच सांगून ठेवतो, मला हळू बोलता येत नाही. कोळवडी रोड स्टेशनासमोर माझी पिठाची गिरणी. पट्ट्याच्या धडधडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मी साधं 'या, बसा' म्हणालो तरी माणसाला वाटतं, हा भांडायला उठला. तसा मी भांडतोही, ती गोष्ट वेगळी. पण गोटीरामचं सांगताना आवाज चढला तर त्याचा दोष गिरणीला देऊ नका. मला अजून राग येतो, म्हणून चढतो.

गोटीराम माझा साडू. त्याची भागीबाई थोरली, माझी बायको धाकटी. सासुरवाडीला आम्ही दोघं जावई शेजारी जेवायला बसलो की हा वाकून माझ्या ताटात बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "झुंबरराव, तुमच्या ताटात तूप जास्त हाय. सासूबाई गिरणीवाल्याला लय भित्यात." मोठा मस्कऱ्या माणूस. उंच, हडकुळा, टोपी कायम एका कानावर. कालव्याखालचं आठ-नऊ एकर रान आणि त्यात गहू. गहू असा करायचा की बघत राहावं. पिवळा, टपोरा, मुठीत घेतला तर जड लागणारा. लोक देवळात जाऊन हात जोडतात, हा माणूस गव्हाच्या राशीपुढे जोडायचा.

कोळवडी गाव स्टेशनापासून दीड कोस आत. स्टेशन नावाचं. दोन पॅसेंजर थांबायच्या, बाकीच्या मेल-एक्सप्रेस आमच्या तोंडावर धूळ उडवून पुढे जायच्या. मात्र मालधक्का होता. पत्र्याची शेड, बाजूला सायडिंगचा रूळ, आणि कधीमधी त्यावर उभा केलेला मालगाडीचा एखादा डबा.

तेव्हा धान्याला जिल्हाबंदी होती. आताच्या पोरांना सांगितलं तर म्हणतात, म्हातारा थापा मारतो. आपल्या रानातला गहू आपल्या बैलगाडीत घालून पलीकडच्या जिल्ह्यात न्यायचा तर सरकारचा परवाना लागायचा. गोटीरामची लेक वैजापूरकडे दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला दोन पोती गहू घेऊन हा निघाला, तर नाक्यावर अडवला. दुपारभर उन्हात बसवला आणि गाडी फिरवायला लावली. माझ्या गिरणीपुढे बैल सोडून तो म्हणाला, "झुंबरराव, लेक जिल्ह्याबाहेर दिली तवा कुनी परवाना मागितला नाय. तिच्या तोंडचा घास मातर बंदीत." म्हणाला हसतच, पण पोती त्यानं आदळूनच उतरवली.

सत्त्याहत्तर साली ती बंदी उठली. गोटीरामनं गावात पेढे वाटले. मी म्हटलं, "साडूभाऊ, पेढे कसले वाटता? गहू घेणारा शेटजीच ना?" तर त्याचं तोंड उतरलं, कारण खरंच होतं ते.

गावचा सगळा गहू शेटजी घ्यायचा. आणि भाव पाडायला त्याच्याकडे एक हुकमी कारण होतं, ते म्हणजे रेल्वेचं भाडं. फेब्रुवारीत रेल्वेचं बजेट आलं की हा बाबा रेडिओ दुकानाच्या फळीवर आणून ठेवायचा, मोठ्यानं लावायचा. दिल्लीहून कोण काय बोलतंय, आमच्यात कुणाला कळतंय डोंबल! बातम्या संपल्या की शेटजी कपाळाला हात लावायचा. "मेलो! भाडं वाढलं रे! आता तुम्हाला भाव कुठून देऊ?" दर वर्षी तोच तमाशा आणि दर वर्षी आमचे लोक मान डोलवत घरी जायचे.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र गोटीराम त्या फळीपुढून उठला तो तडक स्टेशनात गेला. मास्तरांना म्हणाला, "साहेब, धान्याचं भाडं किती वाढलं?" मास्तर नवीनच आलेले, सज्जन माणूस. म्हणाले, "या वर्षी धान्याचं भाडं वाढलंय असं मला तरी काही कळलेलं नाही." गोटीराम पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मास्तरांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं.

तिथून तो गिरणीत आला. मी दळण टाकत होतो. माझ्या कानाशी येऊन ओरडला, "झुंबरराव, आपनच डबा भरायचा!"

त्यानं खरंच मनावर घेतलं. गावचा धोंडीराम मुंबईला कापडगिरणीत होता. तिथल्या कामगारांची ग्राहक सोसायटी होती. गोटीराम मुंबईला जाऊन आला. सोसायटीवाले म्हणाले, दसऱ्याच्या आत गहू इथे पोचवा, शेटजीपेक्षा चांगला भाव देऊ. ट्रकनं नेलं तर फायदा सगळा ट्रकच्या भाड्यात जाणार, आणि गावात ट्रक होता एकच, तोही शेटजीचा. रेल्वेनं नेलं तर परवडत होतं. अट एकच, डबा पूर्ण भरायचा. अर्धा भरला तरी रेल्वे भाडं अख्ख्या डब्याचं घेते. डबा भरायचा तर दोनशेवर पोती पाहिजेत, आणि एवढा गहू एकट्याच्या घरात कुठून असणार?

मारुतीच्या पारावर बैठक बसली. दहा-बारा घरं तयार झाली, कारण यादव तयार झाला. यादव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा बागाईतदार. तो हो म्हणाला की गाव हो म्हणायचं, तो खोकला की गाव खोकायचं. पोती मोजली तर डब्याला पंचवीस-तीस कमी पडत होती.

तेवढ्यात देवराम उठला. तो पाराखाली, जरा लांब उभा होता. बौद्धवाड्यातला देवराम, सरकारनं दिलेली जमीन घाम गाळून ओलिताखाली आणलेला माणूस. म्हणाला, "आमच्या वाड्याची मिळून चाळीसेक पोती हाईत. आमालाबी घ्या. भाड्यातला वाटा देऊ."

यादव त्याच्याकडे न बघता म्हणाला, "डबा भरला, देवराम."

डबा कुठला भरला होता! आत्ता सगळ्यांसमोर मोजणी झाली होती. मी गोटीरामकडे बघितलं. गोटीराम जमिनीकडे बघत होता. देवराम निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत मी त्याला धरला. "साडूभाऊ, डब्यात जागा होती."

"व्हती," तो म्हणाला. "पन यादवाला दुखावलं तर समदेच उठतीन, झुंबरराव. आधी डबा निघू द्या. फुडल्या खेपंला देवरामचा गहू घेऊ."

"पुढच्या खेपेला तुमचं डोंबल!" मी ओरडलो. दळणाला आलेल्या बाया दचकल्या.

एप्रिलात स्टेशनात डब्याची मागणी नोंदवली, अनामत भरली. आम्हाला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत डबा लागेल. मास्तरांनी समजावून सांगितलं की डबे कमी, मागणारे जास्त. आधी सरकारी धान्य, मग खत, मग साखर, मग कुणाकुणाची खास मंजुरी आणलेली माणसं, आणि हे सगळे आटोपले की आपण. माल आधीच धक्क्यावर आणून ठेवावा तर तेही नाही. शेड खताच्या गोण्यांनी भरलेली, आणि डबा लागायच्या आधी माल टाकला तर जागेचं भाडं वेगळं. म्हणून पोती ज्याच्या त्याच्या घरात, आणि बैलगाड्या तयार. बारा गाड्यांनी दोन-दोन खेपा केल्या की दुपारपर्यंत डबा भरतो, असा गोटीरामचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता.

मे गेला, जून गेला. पाऊस सुरू झाला आणि गव्हात सोंडे पडायला लागले. माझ्याकडे येणाऱ्या दळणात मला दिसायचे ना, काळे काळे, चालणारे. गोटीराम एक दिवसाआड दीड कोस तुडवत स्टेशनात यायचा. खिडकीशी उभा राहून विचारायचा, "साहेब, आमचा नंबर?" मास्तर मान हलवायचे. परत जाताना माझ्याकडे पाणी प्यायचा. घरी पोत्यांत निंबाचा पाला घालायचा, पाऊस उघडला की गहू पसरायचा, ढग आले की भरायचा. भागीबाईच्या हाताची सालं निघाली. शेटजी रस्त्यात भेटला की गोड हसून विचारायचा, "काय गोटीराम, आली का तुझी आगगाडी?"

घराघरांतून कुरकुर सुरू झाली. दोघं-तिघं तर शेटजीकडे जायच्या बेतात होते. गोटीराम त्यांच्या दारात जाऊन बसायचा, गयावया करायचा. दसऱ्याच्या आत गेला तर गहू, नाहीतर पोत्यात नुसतं पीठ उरणार, हे त्याला कळत होतं. आणि एकदा हे फसलं की परत कुणी शेतकरी डब्याचं नाव काढणार नाही, हेही कळत होतं. मला म्हणाला, "एकदा, फक्त एकदा रेल्वेच्या बिल्टीवर, माल धाडणारा म्हनून, शेतकऱ्याचं नाव लागू द्या. मंग मी मेलो तरी चालंल."

आणि डबा आला कधी? पोळ्याला!

आदल्या संध्याकाळी घरोघर खांदेमळणी झाली होती. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, कानात सांगून झालं होतं की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे काय सांगायला पाहिजे? वर्षातला तो एक दिवस त्याचा. सकाळी बैल नदीवर धुतले जात होते, शिंगं रंगवत होते, बायका पुरण वाटत होत्या, आणि स्टेशनातला पोर्टर सायकल हाणत गावात आला. "डबा लागलाय! संध्याकाळच्या मालगाडीला जोडायचाय. तोपर्यंत भरा."

गोटीराम तसाच, ओल्या धोतरानं स्टेशनात आला. मी गिरणी बंद करून त्याच्या मागे गेलो.

"साहेब, उद्या द्या," तो म्हणाला. "आज पोळा हाय."

मास्तर म्हणाले, "अहो, डबा मनमाडहून पाठवतात. ते काय पंचांग बघून पाठवतात का?"

"एक दिस ऱ्हाऊ द्या हितं."

"डबा थांबला तर तासावर डॅमरेज चढतं, दंड लागतो, गोटीराम. आणि आज मालगाडी गेली की डबाही जाणार. अनामत जाईल, नंबर परत शेवटी. माझ्या हातात नाही हो." मास्तरांचा चेहरा खरंच पडला होता. त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटलं आणि ओरडताही येईना.

बाहेर येऊन आम्ही त्या डब्यापुढे उभे राहिलो. दार उघडं, आत अंधार, अख्खा रिकामा. चार महिने ज्याची वाट बघितली तो हा.

मी म्हटलं, "साडूभाऊ, जुंपा बैल. देव माफ करील."

"काल म्या त्याच्या कानात सांगितलं, उद्या जेवायला ये म्हनून. जेवायला बोलावून मानंवर जू ठिवू?"

मला बैल नाहीत, मला सांगायला काय जातंय.

मग तोच हळूच म्हणाला, "देवराम."

बौद्धवाड्यानं धर्म बदलला तेव्हापासून पोळा सोडला होता. तिकडे पाच-सहा गाड्या होत्या आणि आज जुंपता येतील असे बैल फक्त त्यांचे. आम्ही तडक वाड्यात गेलो. देवराम घरापुढे दोर वळत बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं, पण उठला नाही. गोटीरामनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

देवराम दोर वळतच म्हणाला, "पन गोटीनाना, डबा तर भरला व्हता ना?"

"नव्हता भरला," गोटीराम म्हणाला. "जागा व्हती. मला म्हाईत व्हतं. म्या गप बसलो."

देवरामनं दोर खाली ठेवला. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलून देणार, आणि दिलं असतं तर बरोबरच होतं.

"आमची पोती आधी चढतीन," तो म्हणाला.

"आधी तुमची."

देवराम उठला, त्यानं वाड्यात हाळी दिली आणि सहा गाड्या जुंपल्या. अर्ध्या तासात त्यांची पोती भरून एक रांग स्टेशनाकडे गेली, उतरवून धावत परत गावाच्या वेशीशी आली. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. मला त्या वेळी वाटलं की होतंय, जमतंय! अजून वेळ होता. सहा गाड्यांनी अजून दोन खेपा केल्या असत्या तरी डबा पाऊणाच्या वर भरला असता.

वेशीत सगळं गाव जमलेलं. झुली घातलेले, बाशिंगं बांधलेले बैल, वाजंत्री, तोरण. यादव पुढे झाला.

"पोळ्याच्या दिवशी जुपलेल्या गाड्या गावात? कुनी सांगितलं?"

गोटीराम म्हणाला, "यादवराव, बैल आपले नाहीत. सणाला कुठं बाट लागत नाय. पोती तेवढी बाहीर काढा, गड्यांनो, डबा चाललाय!"

"अन् त्यांची पोती?"

"चढली."

"आमच्या आधी?" यादवाचा आवाज असा चढला की वाजंत्री थांबली. "आमचा गहू त्यांच्या गाडीत, त्यांच्या मागून? गोट्या, तुझं डोकं फिरलं का?"

आता खरी गोष्ट बाहेर आली. सणबीण सगळं निमित्त! त्या साली नामांतरावरून मराठवाड्यात दलित वस्त्यांची जाळपोळ झालेली, इकडेही माणसं एकमेकांकडे तिरकी बघत होती. गर्दीत चार जण तरी असे होते की ज्यांना पोती द्यायची होती. मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण यादवाच्या आधी पाऊल कोण टाकणार? एकेक जण आपापल्या बैलाची झूल नीट करायला लागला. झूल! घरात गहू सडतोय आणि हे झूल नीट करतायत. मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. कुणी ऐकलं नाही.

गोटीरामनं डोक्यावरची टोपी काढली आणि यादवाच्या पायावर ठेवली. सगळ्या गावादेखत.

"उचल ती," यादव म्हणाला. "सणाच्या दिवशी रडारड नको." आणि त्यानं वाजंत्र्यांना हात केला. ढोल पुन्हा वाजायला लागले. तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले, आणि वेशीबाहेर देवरामच्या सहा गाड्या रिकाम्या उभ्या.

देवराम म्हणाला, "नाना, उन्हं कलली. तुमची तरी घ्या."

भागीबाईनं मागल्या दारानं स्वतःच्या पाठीवर पोती बाहेर काढायला सुरुवात केली होती. आम्ही धावलो. गोटीरामची पोती तेवढी गाडीत गेली. दोन गाड्यांचाच माल झाला. बाकीच्या चार गाड्या तशाच मागून आल्या, का आल्या कोण जाणे. परत जा म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही.

डब्यात माल चढला तेव्हा निम्म्यापेक्षा जास्त डबा मोकळा होता. मास्तर दाराशी आले. "एवढंच?"

"एवढंच."

"भाडं पूर्ण डब्याचं लागेल."

देवरामनं विचारलं, "रिकाम्या जाग्याचंबी?"

"रिकाम्या जागेचंही," मास्तर म्हणाले आणि मान खाली घातली.

गोटीराम डब्यात चढला आणि त्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन बसला. मालगाडीचं इंजिन सायडिंगला आलं तरी उतरेना. शेवटी मी आणि देवरामनं त्याला दंडाला धरून खाली घेतलं. दार लागलं, सील झालं. बिल्टीवर त्याचं नाव लागलं. त्यानं ती बघितलीसुद्धा नाही.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. मुंबईला गहू विकला, भावही ठरल्याप्रमाणे मिळाला, आणि वरचा सगळा पैसा रिकाम्या जागेच्या भाड्यात गेला. देवरामच्या वाड्याला शेटजीनं दिलं असतं त्याहूनही कमी हातात पडलं. "तू मला शिव्या तरी दे रे," गोटीराम देवरामला माझ्यासमोर म्हणाला होता. त्यानं दिल्या नाहीत. गावातला बाकीचा गहू दिवाळीपर्यंत भुसा झाला. शेटजीनं कोंबड्यांच्या खाद्यासाठी म्हणून मातीमोल नेला. आणि गावानं दोष कुणाला दिला? यादवाला? छे! गोटीरामनं सणाला अपशकुन केला, गोटीरामनं सगळ्यांना बुडवलं. पारावर तो आला की लोक उठून जायचे. सासुरवाडीला आम्ही परत किती वेळा शेजारी जेवलो, पण माझ्या ताटातल्या तुपाचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

तरी हट्टी माणूस. पुढची दोन वर्षं तो आणि देवराम मिळून आजूबाजूच्या वाड्यावस्त्या हिंडले, मागणी नोंदवली. एकदा नंबर आला तोवर लोकांनी वाट बघून गहू विकून टाकला होता. एकदा नंबरच आला नाही. आणि मग स्टेशनाच्या भिंतीवर कागद लागला की इथून सुटा डबा मिळणार नाही. यापुढे भरायची तर अख्खी मालगाडी, तीही मोठ्या स्टेशनातून.

गोटीरामनं मास्तरांना विचारलं, "अख्खी गाडी म्हंजी किती पोती, साहेब?"

मास्तरांनी सांगितलं. तो हसला. मी त्याला त्या दिवशी हसताना शेवटचं बघितलं. "साहेब, समद्या तालुक्याचा गहू झाडून आनला तरी एवढा व्हायचा नाय."

"त्यांना डब्याडब्याचा व्याप परवडत नाही आता," मास्तर म्हणाले. "वरून आलंय."

तो नाशिकरोडला गेला, मनमाडला गेला, ऑफिसांच्या बाकांवर बसून आला. सगळीकडे तेच, वरून आलंय. वर कोण बसलंय ते त्याला कुणी दाखवलं नाही. वर्षभरात सायडिंगचा रूळ उचलून नेला, शेडचे पत्रे नेले. देवरामचा मुलगा नाशिकला कारकून झाला आणि त्यानं बापाला तिकडे नेलं. त्याला सोडायला गोटीराम फलाटावर आला होता. दोघं बाकावर बसून होते. पॅसेंजर आली तेव्हा देवरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत चढला.

मग ओळीनं दुष्काळ आले. रब्बीला कालव्याचं पाणी सोडलं नाही. गोटीरामच्या रानात पहिल्यांदाच गहू उभा राहिला नाही. ज्या दिवशी तो रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिला, त्या दिवशी भागीबाई माझ्या बायकोजवळ येऊन रडून गेली.

तो रेशनचा गहू घेऊन माझ्याकडेच आला दळायला. पिशवी पुढे केली, माझ्याकडे बघितलं नाही. मी मूठभर काढून बघितला. हलका, धुळकट, खड्यांचा.

"कुठला हो हा?" मी विचारलं.

"पंजाबचा म्हनत्यात. रेल्वेनं आलाय."

माझं डोकं तापलं आणि मी सवयीनं ओरडायला तोंड उघडलं. गोटीरामनं हात वर केला.

"ओरडू नका, झुंबरराव," तो म्हणाला. "त्याला मिळती वॅगन."